मध्येच कोण तोडतं?

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की, तुम्ही ऐकता त्या विनोदी पॉडकास्टबद्दल आणि तो चालवणाऱ्या माणसांबद्दल तुमचं मत काय? वाटलं होतं, शिफारशी येतील. आल्या तक्रारी, आणि त्याही घरातल्या माणसाबद्दल कराव्यात तशा. ‘पूर्वी असा नव्हता हो तो.’ ‘तिला कुणी सांगत कसं नाही?’ ‘हल्ली त्या दोघांचं पटत नाही, आम्हाला कळतं.’ ही भाषा मला तोंडपाठ आहे. अकरा वर्षं मी पॉडकास्टचं संपादन केलं, त्यातली सहा एका विनोदी कार्यक्रमाचं. होस्टच्या नावानं आलेली पत्रं त्यांच्याआधी मी वाचायचे.

या खेपेला काही पत्रांना ऐसपैस उत्तरं आहेत, काही एका दमात उरकली आहेत. रागावू नका. कार्यक्रमांची नावं मी पत्रांतून काढून टाकली, कारण तुम्ही ज्याच्यावर चिडला आहात तोच दोषी आहे की नाही, हे मला इथे बसून सांगता येत नाही. का, ते पहिल्याच उत्तरात कळेल.

प्रश्न : ताई, मी ऐकते त्या कार्यक्रमात एक तो आहे आणि एक ती. ती काही सांगायला लागली की हा मध्येच तोडतो. तिचं वाक्य टेकायच्या आत याचा विनोद तयार. माझ्या नवऱ्याला हे जाणवतच नाही, मला दर भागात जाणवतं. तो मुद्दाम करतो का? आणि ती गप्प का बसते?

उत्तर : एक जुनी गोष्ट सांगते. सांगायला फारशी आवडत नाही.

आमच्या कार्यक्रमातही एक तो आणि एक ती होती. रेकॉर्डिंग दीड तास चालायचं, भाग मात्र पन्नास मिनिटांचा हवा असायचा. दोघांचे ट्रॅक वेगवेगळे माझ्याकडे यायचे. किस्से कापणं जिवावर यायचं, म्हणून मी शांतता कापायचे. इथला अर्धा सेकंद, तिथला पाऊण. स्क्रीनवर बोलण्याचे डोंगर दिसतात आणि डोंगरांच्या मध्ये सपाट रेघ. सपाट रेघ दिसली की माझे हात शिवशिवायचे.

२००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग लागतो, असं त्यात दिसलं. भाषेगणिक थोडं इकडेतिकडे, पण फार नाही. आपला कान या मापाला सरावलेला असतो. समोरच्यानं जास्त वेळ घेतला तर तो अडखळला असं वाटतं, अजिबात घेतला नाही तर झडप घातल्यासारखं वाटतं. आमचा होस्ट मुळात सावकाश माणूस. तिचं वाक्य संपलं की चांगला सेकंदभर थांबायचा, मग तोंड उघडायचा. तो सेकंद मी दर वेळी कापत होते.

पत्रं यायला लागली. ‘उद्धट आहे.’ ‘तिला बोलू देत नाही.’ एका बाईंनी तर त्याच्या आईवडिलांच्या संस्कारांपर्यंत मजल मारली. त्यानं ती पत्रं वाचली, मनाला लावून घेतली आणि आणखी थांबायला लागला. दोन-दोन सेकंद. मी तेही कापले. पत्रं वाढली.

हे दोन वर्षं चाललं. मग एकदा माइकची काहीतरी भानगड झाली म्हणून मी रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन बसले. एरवी मला फाइली यायच्या, माणसं दिसायची नाहीत. बघते तर तिचं वाक्य संपलेलं, आणि हा ओठ मिटून, हाताची घडी घालून बसलेला. ती त्याच्याकडे बघून ‘बोल ना बाबा आता’ अशी मान हलवतेय. घरी येऊन जुन्या भागांचं कच्चं रेकॉर्डिंग काढलं, ऐकलं आणि मला घाम फुटला. त्याला सांगायला आणखी काही महिने गेले, हिंमतच होत नव्हती. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “म्हणजे दोन वर्षं मी उगाच सभ्य वागलो?”

तेव्हा तुमच्या होस्टला फासावर चढवण्याआधी आपला फोन तपासा. काही ॲपमध्ये शांतता आपोआप गाळायची सोय असते. ओव्हरकास्ट हे ॲप २०१४ मध्ये आलं तेच ही सोय घेऊन. वेळ वाचतो म्हणून लोक ती चालू करतात आणि विसरून जातात. नवऱ्याला जाणवत नाही म्हणता, तर तो त्याच्या फोनवर ऐकतो का? एकदा फोनांची अदलाबदल करून तोच भाग ऐका. कदाचित संसारातला एक वाद मिटेल.

फोन निर्दोष निघाला तर श्वास ऐका. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, आणि घाईत असलेला संपादक शांततेबरोबर तोही कापून टाकतो. तिचं वाक्य स्वच्छ संपलंय आणि त्याचं श्वासाशिवाय सुरू झालंय, असं वारंवार होत असेल तर माझ्यासारखी कुणीतरी कात्री घेऊन बसली आहे. दोघं वेगवेगळ्या ठिकाणांहून इंटरनेटवर बोलत असतील तर एकाचा आवाज दुसऱ्याकडे उशिरा पोचतो, मग दोघंही समोरचा थांबलाय समजून एकदम सुटतात. पण त्याचा पहिला शब्द तिच्या चालू वाक्यावर चढत असेल, तिचा आवाज खाली दबून विझत असेल आणि हे एकाच खोलीत बसून होत असेल, तर मात्र तुमचं बरोबर आहे. तो तोडतो.

ती गप्प बसते का, हे ऐकून ठरवू नका. ‘थांब, मला पूर्ण करू दे’ अशी वाक्यं मी कितीतरी कार्यक्रमांतून काढली आहेत. भांडण झाल्यासारखं वाटतं म्हणून.

प्रश्न : स्वतःच्याच विनोदावर आधी स्वतः खो-खो हसणारा होस्ट. याहून किळसवाणं काही आहे का?

उत्तर : आहे, हसण्याचं नाटक करणारा. पण तुमचा मुद्दा घेऊ.

अमेरिकेतले रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्याचा अभ्यास केला. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लोकांच्या गप्पा गुपचूप ऐकल्या आणि हसण्याचे १,२०० प्रसंग टिपले. त्यात बोलणारा ऐकणाऱ्यापेक्षा ४६ टक्के जास्त हसतो असं निघालं. शिवाय हसण्याच्या आधीचं वाक्य जरातरी विनोदी असेल असे प्रसंग फक्त १० ते २० टक्के. बाकी सगळं ‘चल, मग निघते मी’ छापाच्या वाक्यांवरचं हसणं. एकूण काय, स्वतःच्या बोलण्यावर हसणं हा साधा मनुष्यस्वभाव आहे. तुम्हीही हसत असाल, तुमचं रेकॉर्डिंग कुणी केलेलं नाही इतकंच.

मग पॉडकास्टमध्येच ते का खुपतं? एक तर तुम्ही त्या टेबलाशी बसलेले नसता. प्रोव्हाइन यांनीच दाखवलंय की, माणूस एकट्यापेक्षा सोबतीत सुमारे तीस पट जास्त हसतो. तिकडे तिघं सोबतीत, इकडे तुम्ही एकटे. त्यांच्या हसण्याला तुमचं हसणं पुरं पडत नाही आणि तुम्ही अवघडता. दुसरं कारण तांत्रिक. जोरात हसताना कसलेला होस्ट माइकपासून मागे सरतो. नवशिका तिथेच हसतो, वर संपादकाचा कॉम्प्रेसर हळू आवाज उचलून आणि मोठा दाबून सगळं एका पातळीला आणतो, आणि ते हसणं हेडफोनमधून थेट तुमच्या डोक्यात फुटतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर विनोदानंतर हसणाऱ्याला सगळं माफ. पंचच्या आधी हसणाऱ्याला नाही. ‘ऐक ना, हे इतकं भारी आहे ना’ म्हणत अर्धा मिनिट खिदळणाऱ्याचं खिदळणं मी निर्दयपणे कापायचे, आणि त्याबद्दल मला अजिबात पश्चात्ताप नाही.

प्रश्न : त्या दोन मैत्रिणी प्रत्यक्षातही मैत्रिणी आहेत का हो? काही कळायला मार्ग?

उत्तर : नाही. रेकॉर्डिंग थांबल्यावर हेडफोन काढून कोण आधी उठतं, यावरून मला थोडा अंदाज यायचा. तोही दोनदा साफ चुकला.

प्रश्न : मी तिघांचा एक कार्यक्रम ऐकतो. दोघं मिळून तिसऱ्याची सतत टर उडवतात. त्याचं बोलणं, त्याचं अज्ञान, त्याचं डोकं. मला हसू येतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. हे ऐकणं बंद करावं का?

उत्तर : लाज वाटते हे चांगलं आहे, पण निकाल इतक्यात लावू नका. या प्रकाराचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण रिकी जर्व्हेस यांच्या कार्यक्रमाचं. जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट लंडनच्या एका रेडिओ केंद्रावर कार्यक्रम करायचे आणि कार्ल पिल्किंग्टन त्यांचा निर्माता होता. काचेपलीकडे बसून बटणं दाबणारा माणूस. त्याच्याशी बोलता बोलता दोघांच्या लक्षात आलं की, आपल्या लिहिलेल्या विनोदांपेक्षा याचं उत्स्फूर्त तत्त्वज्ञान भन्नाट आहे. डिसेंबर २००५ मध्ये त्यांनी पॉडकास्ट सुरू केला तेव्हा हा तिसरा माणूसच केंद्रस्थानी होता. त्या कार्यक्रमानं सर्वाधिक डाउनलोडचा गिनीज विक्रम केला. नाव जर्व्हेसचं, पण लोक थांबायचे ते कार्ल आता काय बोलतो ते ऐकायला. त्याला दोघं वाट्टेल ते बोलायचे. तो मात्र ढिम्म. ज्या शांतपणे तो आपलं अचाट मत पुढे रेटत राहायचा, त्यापुढे ते दोघंच हतबल वाटायचे. तो खरंच तसा होता की तसं दाखवायचा, यावर श्रोते आजही हुज्जत घालतात.

म्हणून मी टर किती उडते ते बघत नाही, मुद्दा कुणाकडे राहतो ते बघते. तुमच्या कार्यक्रमात तिसऱ्याला उलट फिरकी घ्यायला जागा मिळते का? तो स्वतःहून नवा विषय काढतो का? ज्याला खरोखर लागतं, तो हळूहळू लहान वाक्यं बोलायला लागतो. हे मी ट्रॅकवर डोळ्यांनी पाहिलंय. एका कार्यक्रमात एकाचे डोंगर महिन्यागणिक बारके होत गेले आणि शेवटी नुसत्या टेकड्या उरल्या. त्याच्या हसण्याचे मात्र तेवढेच उंच. तो कार्यक्रम मी सोडला. तुम्ही जुना एखादा भाग आणि आत्ताचा एक असे लागोपाठ ऐका, तुम्हालाही ऐकू येईल.

प्रश्न : कार्यक्रम उत्तम, पण त्या बाईचा आवाज सहन होत नाही. चिरका, मधूनच खरखरीत. निर्मात्यांनी तिला बदलावं असं मला मनापासून वाटतं. हे मी पुरुष म्हणून बोलत नाही, श्रोता म्हणून बोलतोय.

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही स्वतःहून लिहिलंत, मी विचारलं नव्हतं.

‘धिस अमेरिकन लाइफ’ या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमानं जानेवारी २०१५ मधल्या एका भागात हाच विषय घेतला. त्यांच्या तरुण बातमीदार स्त्रियांच्या आवाजातल्या खरखरीबद्दल श्रोत्यांची जळजळीत पत्रं यायची. वाक्याच्या शेवटी आवाज खाली जाऊन चरचरतो ना, ती खरखर. कार्यक्रमाचे सूत्रसंचालक आयरा ग्लास यांनी निवेदनातच सांगून टाकलं की, ही खरखर माझ्याही आवाजात आहे, आणि त्याबद्दल मला कुणी कधी लिहिलेलं नाही. तुमच्या कार्यक्रमातला पुरुष वाक्याच्या शेवटी काय करतो, ते एकदा कान देऊन ऐका.

‘चिरका’ याबद्दल मात्र थोडी शंका घ्यायला जागा आहे. माइक तोंडाजवळ आला की बहुतेक माइकांत आवाजाचा खर्ज फुगतो, पुरुषाचा आवाज भारदस्त होतो आणि निर्मात्याला तेच आवडतं. मग दोघांना एकच माइक आणि तीच सेटिंग. ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागले तर ते संपादकाचं काम आहे, तिचं नव्हे. तिला बदलण्याआधी तिचा माइक बदलायला सांगा.

प्रश्न : आत्या, बाबांना आवडतो म्हणून मी एक कार्यक्रम ऐकला. अजिबात विनोदी नाही. मी सगळंच दुप्पट वेगानं ऐकते, त्यामुळे फार वेळ गेला नाही हे नशीब.

उत्तर : अगं, विनोद त्या न गेलेल्या वेळातच होता! एक भाग साध्या वेगानं ऐक. तरी हसू आलं नाही तर बाबांना माझा नमस्कार सांग.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा रात्री मी तिच्या खोलीत बसून दोघांचा एक कार्यक्रम ऐकायचे. एक कान त्यांच्याकडे, एक आईकडे. आई गेली, तरी मी ऐकत राहिले. दोन महिन्यांपूर्वी अचानक एका भागात त्यातला एक नव्हता, नवीनच कुणीतरी होतं. काही सांगितलं नाही, निरोप नाही. मला इतकं रडू आलं की माझीच मला भीती वाटली. ज्या माणसाला मी अस्तित्वात आहे हेही ठाऊक नाही, त्याच्यासाठी रडणं हा मूर्खपणा आहे का?

उत्तर : नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल या दोघांनी रेडिओ आणि टेलिव्हिजनवरच्या माणसांशी ऐकणाऱ्या-बघणाऱ्यांचं जे नातं जुळतं, त्यावर एक निबंध लिहिला. त्याला त्यांनी ‘दुरून जवळीक’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग वापरला होता. तेव्हा हेडफोन लावून रात्री एकटं ऐकणं आजच्यासारखं नव्हतं. रेडिओ बहुधा खोलीत असायचा, आता आवाज थेट कानात असतो. ज्या रात्री घरात दुसरं कुणी जागं नव्हतं त्या रात्री तो माणूस तुमच्याशी बोलत होता. तुमच्याशीच असं नाही, पण तुमच्या कानात तर नक्कीच. ती सोबत खरी होती. तो नसतानाच्या त्या पहिल्या भागात तुम्ही कुणाकुणासाठी रडलात, हे मी सांगायला नको.

न सांगता जाणं मात्र वाईटच. मार्क मॅरॉन या अमेरिकन विनोदवीरानं २००९ पासून चालवलेला पॉडकास्ट २०२५ मध्ये थांबवला. जूनमध्ये सांगितलं, शेवटचा भाग ऑक्टोबरमध्ये. श्रोत्यांना मन तयार करायला चार महिने मिळाले. असं सगळ्यांना जमत नाही. पडद्यामागे बहुतेकदा पैशाचा वाद असतो, किंवा करारातलं कलम की गेलात तर बोलायचं नाही. मी पाहिलेल्या दोन निरोपांपैकी एक रेकॉर्ड झाला होता, नंतर वरून आदेश आला आणि मीच तो पुसला. तेव्हा त्यानं निरोप घेतलाच नाही, असं धरून चालू नका.

नव्या माणसाला आत्ता ऐकू नका. त्याचा दोष नसताना तुम्ही त्याच्यावर राग काढाल. आणि खरं सांगायचं तर नव्या जोडीचे पहिले काही भाग वाईटच असतात. एकमेकांच्या थांबण्याचा अंदाज यायला वेळ लागतो. सहा महिन्यांनी या. तोवर जुने भाग आहेत, रात्री ऐका. त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न : पहिली पंधरा मिनिटं नुसती बडबड, मग जाहिरात, मग कार्यक्रम. काय करावं?

उत्तर : पंधरा मिनिटं पुढे ढकला. जाहिरातीवरच तो कार्यक्रम जगतो, तिला माफ करा. बडबडीला नको.

प्रश्न : होस्टना पत्र लिहिलं तर ते वाचतात का? की उगाच?

उत्तर : वाचतात. गोड पत्रं विसरतात आणि कडू पत्रं शब्दशः पाठ होतात. आमची ती एका पत्रातलं वाक्य रेकॉर्डिंगच्या आधी आवाज तापवायला म्हणायची. कुणीतरी तिला ‘पंक्चर झालेली शिट्टी’ म्हटलं होतं.

लिहायचं तर भाग कुठला आणि मिनिट कितवं, ते लिहा. ‘तुम्ही पूर्वीसारखे राहिला नाहीत’ याचं कुणी काही करू शकत नाही. ‘बाविसाव्या मिनिटाला तिचं वाक्य अर्धवट राहिलं’ याचं करता येतं. माझ्या कात्रीचं प्रकरण दोन वर्षं आधी उघडकीला आलं असतं, जर त्या ढीगभर पत्रांतल्या एकानं तरी मिनिट लिहिलं असतं.

नेमकं लिहिणारा एकच श्रोता मला सहा वर्षांत भेटला. भेटला म्हणजे, त्याची चिठ्ठी आली. ना तारीफ, ना तक्रार. ‘अडतिसाव्या मिनिटाला काहीतरी कापलंय. त्यानंतर ती श्वास वेगळा घेते आहे. सगळं ठीक आहे ना?’

कापलं होतं. तिथे नऊ मिनिटं होती. ती ठीक आहे, असं मी त्याला कळवलं. काय कापलं ते त्यानं पुन्हा विचारलं नाही, आणि मी तुम्हालाही सांगणार नाही.